प्रतापगड (गोंदिया जिल्हा) परिसरातील कामाचे व संघटनांचे बदलते स्वरूप

प्रतापगड हे महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गाव आहे. डोंगरावरील जुन्या किल्ल्यामुळे त्यास हे नाव पडले. महाशिवरात्रीची यात्रा आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा यांमुळे ते पूर्व विदर्भात सर्वपरिचित आहे. सातारा जिल्ह्यातील प्रतापगडाशी या गावाचा संबंध नाही; विद्यार्थ्यांकडून ही गल्लत वारंवार होते, म्हणून येथे आरंभीच नोंद केली आहे. गोठणगाव, गाढवी नदीवरील इटियाडोह धरण, नवेगावबांधचा तलाव आणि त्याभोवतीचे वन हा या गावाचा परिसर होय.

‘कामाचे भवितव्य’ या विषयावरील लेखन बहुधा महानगरांतील कार्यालये, संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांभोवती फिरते. कामाचा मालक कोण, मोबदला तासावर की नगावर, कामगारांनी एकत्र यावे ते कोणत्या रूपात, हे या विषयातील मूळ प्रश्न मात्र वनालगतच्या गावांतही तितकेच जिवंत आहेत. प्रतापगडच्या परिसरात व लगतच्या तालुक्यांत गेल्या दोन दशकांत या प्रश्नांना जी उत्तरे शोधली गेली, त्यांचा परिचय या लेखात करून दिला आहे.

पार्श्वभूमी

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन करून निर्माण करण्यात आला. १९५६ पर्यंत हा भाग जुन्या मध्य प्रांतात मोडत होता. येथील जमीनमहसूल, तलाव आणि वनव्यवहार यांची घडी त्या काळातील मालगुजारी पद्धतीने बसवलेली आहे. बोलीने हा झाडीबोलीचा प्रदेश. धान हे मुख्य पीक असून पावसाळ्यातील रोवणी आणि दिवाळीच्या सुमाराची कापणी या दोन हंगामांभोवती वर्ष फिरते. उरलेल्या महिन्यांत जंगल, तलाव आणि विडी यांवर घर चालत असे.

विडीच्या धंद्याचा येथे थोडा विस्ताराने उल्लेख करणे आवश्यक आहे. गोंदिया हे विडी-व्यवसायाचे जुने केंद्र. कारखानदार सट्टेदाराला पाने व तंबाखू देई, सट्टेदार ती घरोघरी वाटी आणि घरातील स्त्रिया विड्या वळून परत करीत. मजुरी हजार विड्यांमागे ठरलेली. वजनाला कमी किंवा आकाराने बिघडलेल्या विड्या बाजूला काढल्या जात आणि त्यांचे पैसे कापले जात. काम घरी, मोबदला नगावर, मधला माणूस अनोळखी मालकाचा प्रतिनिधी आणि मालक स्वतः कोठेच नाही, अशी ही रचना होती. आज ज्या ‘घरून काम’ व ‘गिग’ पद्धतीचे नवल केले जाते, तिचा सांगाडा या भागातील बायकांनी तीन पिढ्यांपूर्वी पाहिला होता. विडी कामगारांसाठी १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा आणि १९७६ चा कल्याण निधी कायदा झाला, तोही याच अनुभवातून. पुढे तंबाखूविरोधी कायदे आणि बदललेल्या सवयी यांमुळे विडीचा व्यवसाय आक्रसत गेला. तेंदूपानांची मागणी मात्र विड्यांवरच अवलंबून असल्याने हा आक्रस जंगलातील कामालाही लागू होतो.

तेंदूपानांचा हंगाम

तेंदू, म्हणजे टेंभुर्णी (शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलानोझायलॉन), हे पानझडी वनातील झाड. त्याची कोवळी, लवचीक पाने विडी वळण्यासाठी वापरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे जमिनीलगत छाटतात. यास खुटकटाई म्हणतात. त्यामुळे एप्रिलअखेरीस एकसारखी नवी पालवी येते. पाने तोडण्याचा हंगाम जेमतेम तीन-चार आठवड्यांचा असतो आणि वळवाचा मोठा पाऊस किंवा गारपीट झाल्यास तो आणखी आखूड होतो.

कुटुंबातील माणसे पहाटे अंधारातच जंगलात शिरतात आणि ऊन चढण्यापूर्वी परततात. दुपारी घराच्या पडवीत बसून पानांचे पुडे बांधले जातात. या कामाला म्हातारी माणसे व मुलेही हातभार लावतात. महाराष्ट्रात एक पुडा ७० पानांचा आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे गोणीमागे ७०,००० पाने. शेजारच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडमध्ये पुडा ५० पानांचा असतो, त्यामुळे दोन्हीकडील गोणीच्या दरांची तुलना करताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो. एखाद्या कुटुंबाने दिवसाला २०० पुडे बांधले असे धरले, तर १४,००० पाने हातांखालून जातात आणि एक गोणी भरायला पाच दिवस लागतात. सायंकाळी पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून दिले जातात. फळीवरचा मुन्शी नोंद करतो. पुडे उन्हात ओळीने मांडून वाळवतात, उलटतात आणि मग गोणीत भरतात.

हे काम जोखमीचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत पाणवठ्यांच्या आसपास वाघ, बिबट्या व अस्वल यांचा वावर असतो आणि पूर्व विदर्भात दरवर्षी पाने तोडणाऱ्यांवर हल्ले होतात. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाल्यापासून या परिसरात संरक्षण आणि उपजीविका यांमधील ताण अधिक ठळक झाला आहे.

ठेकेदारीपासून ग्रामसभेपर्यंत

महाराष्ट्र वनोपज (व्यापार विनियमन) अधिनियम १९६९ नुसार तेंदूपानांचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला. वनविभाग जंगलाचे घटक पाडतो, त्यांचा लिलाव करतो आणि घटक घेणारा ठेकेदार मजुरांकडून पाने तोडून घेतो. मजुराला पुड्यांच्या संख्येवर मजुरी मिळते आणि शासनाला स्वामित्वशुल्क. पुढे शासनाने प्रशासकीय खर्च वजा करून स्वामित्वशुल्काची रक्कम मजुरांना बोनसरूपाने देण्यास सुरुवात केली. परंतु दर ठरवणे, ठेकेदार निवडणे, मोजणीचा वाद मिटवणे यांपैकी कशातही पाने तोडणाऱ्याचा सहभाग नव्हता. पुडा सैल आहे किंवा पान जून आहे, असे सांगून मुन्शीने पुडे नाकारले तर दाद मागायची कोणाकडे, हे ठाऊक नसे. मध्य प्रदेशाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठेकेदारांऐवजी प्राथमिक सहकारी संस्थांमार्फत संकलन सुरू केले. महाराष्ट्रात लिलावाची पद्धत चालू राहिली.

बदलाची कायदेशीर पायाभरणी अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम २००६ या कायद्याने झाली. या कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली. गौण वनोपजात तेंदूपाने, मोहफुले, मध, लाख यांच्याबरोबर बांबूचाही समावेश करण्यात आला. सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा हक्कही त्यात आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनी वनोपजाचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आणला. वरकरणी हा तपशील किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात परवाना ज्याच्या हाती, माल त्याच्या हाती, असा वनव्यवहाराचा अनुभव असल्यामुळे खरे सत्तांतर याच कलमाने झाले.

गोंदिया जिल्ह्याच्या बाबतीत या कायद्याचे महत्त्व आणखी एका कारणाने अधिक आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याचा मोठा भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत येतो आणि तेथील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याचाही आधार आहे. गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. त्यामुळे येथील गोंड, हलबा आणि इतर वननिवासी कुटुंबांना वनोपजावरील सामूहिक मालकीसाठी वनहक्क कायदा हाच मुख्य मार्ग आहे.

या प्रवासातील पहिले ठळक गाव गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे होय. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. त्यानंतर, २०१३ च्या हंगामापासून, गोंदिया व गडचिरोली जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी तेंदूपानांची विक्री स्वतः करण्यास प्रारंभ केला.

या पद्धतीत ग्रामसभा ठराव करून वनविभागाच्या लिलावातून आपले क्षेत्र वगळण्यास सांगते, निविदा मागवते, व्यापाऱ्याशी करार करते आणि संकलनाची देखरेख करते. मुन्शी गावातलाच असतो. मजुरी आणि विक्रीतील शिल्लक दोन्ही संकलकांच्या खात्यात जातात आणि काही हिस्सा वणवा रोखणे, गस्त, हिशेब व गावाची कामे यांसाठी ग्रामसभा राखून ठेवते. आधी मजूर म्हणून ओळखला जाणारा माणूस आता विक्रेता असतो, आणि विक्रेता म्हणजे करारातील तारखा, हमीरक्कम व कर यांची जबाबदारी वाहणारा, हेही त्याला शिकावे लागते.

ग्रामसभांचे महासंघ

एकेकट्या ग्रामसभेकडे माल थोडा असतो आणि व्यापारी मोजके. ते आपसांत ठरवून कमी बोली लावतात तेव्हा एकटे गाव काही करू शकत नाही. यातून ग्रामसभांनी एकत्र येऊन एकच निविदा काढण्याची रीत पडली. अर्जुनी मोरगावच्या लगत असलेल्या गडचिरोलीच्या कोरची तालुक्यातील महाग्रामसभा हे याचे अभ्यासकांनी विशेष नोंदलेले उदाहरण. तेथे गावोगावचे प्रतिनिधी एकत्र बसून विक्रीचा निर्णय घेतात, अंतिम मान्यता मात्र प्रत्येक गावाच्या ग्रामसभेकडेच राहते. स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाचा आग्रह हे तिचे वैशिष्ट्य मानले जाते.

संघटनशास्त्राच्या परिभाषेत यास तळाकडून वर जाणारी रचना म्हणता येईल. खाजगी कंपनीत अधिकार वरून खाली सोपवला जातो. येथे तो खालून वर उसना दिला जातो आणि केव्हाही परत घेता येतो. सहकारी संस्थेपासूनही ती वेगळी आहे. सहकारात भागभांडवल भरणारा सभासद असतो, ग्रामसभेत मात्र गावात राहणारा प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुष आपोआप सभासद होतो. भांडवलाऐवजी वास्तव्य हाच सभासदत्वाचा आधार असल्यामुळे गावातील सर्वांत गरीब कुटुंबही बाहेर राहत नाही.

अडचणी व मतभेद

या प्रयोगाचे चित्र सरसकट उजळ नाही. तेंदूपानांचा भाव वर्षागणिक चढतो आणि कोसळतो. चांगल्या वर्षी मिळालेल्या दराची अपेक्षा पुढच्या वर्षी गावाला अडचणीत आणते. व्यापाऱ्याने पहिला हप्ता देऊन उरलेली रक्कम थकवल्याचे प्रकार घडले आहेत आणि वसुलीसाठी न्यायालयात जाण्याइतका पैसा व वेळ ग्रामसभांकडे नसतो. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा तेंदूपानांवर १८ टक्के दर लागू झाला. कर-नोंदणी, विवरणपत्रे आणि लेखापरीक्षण ही कामे एकदम गावाच्या अंगावर आली. २०२५ मध्ये हा दर ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला, हिशेबाची गरज मात्र कमी झालेली नाही. गावात दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना वही लिहिण्याचे जे काम या निमित्ताने मिळाले, ते पंचक्रोशीतील नव्या प्रकारचे कार्यालयीन काम म्हटले पाहिजे. ज्या गावात असे कोणी नाही, तेथे कागदपत्रे पुन्हा व्यापाऱ्याच्या माणसाकडूनच लिहून घेतली जातात आणि मालकी कागदावरच उरते.

मूळ व्यवसायासंबंधीही मतभेद आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या गावाच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपाने न तोडण्याचा निर्णय घेतला. छाटणी व आगी यांमुळे झाडांची हानी होते, फळे येत नाहीत आणि पक्षी-प्राण्यांचे अन्न जाते, अशी त्यामागील भूमिका होती. त्या गावाने बांबूवर भर दिला. तेंदूपानांना विडीखेरीज मोठा ग्राहक नाही, हे पाहता पाचगावचा निर्णय केवळ पर्यावरणाचा नसून व्यवसायाच्या दृष्टीनेही दूरदर्शी ठरण्याचा संभव आहे. तथापि बांबू सर्वच गावांच्या वाट्याला येत नाही.

तलाव आणि मासेमारांच्या संस्था

भंडारा-गोंदिया हा तलावांचा प्रदेश. नवेगावबांधच्या तलावाच्या निर्मितीचे श्रेय परंपरेने कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते आणि कोहळी समाजाचे तलावबांधणीतील कौशल्य प्रसिद्ध आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाकडे गेले. सिंचनाचा पूर्वीचा हक्क, दुरुस्तीची पूर्वीची जबाबदारी आणि मासेमारीची पूर्वीची वहिवाट यांचा सांधा तुटला.

ढिवर समाजाच्या मासेमारांनी सहकारी संस्था स्थापून तलाव ठेक्याने घेण्याची पद्धत रूढ झाली. या संस्था दीर्घकाळ रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडून उत्पादन घेत आल्या. तलावात बेशरम व गाळ वाढला, स्थानिक मासे व पाणवनस्पती कमी झाल्या, तसा त्यांचा तोटाही वाढला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेच्या साहाय्याने अर्जुनी मोरगाव तालुक्यातील काही संस्थांनी बेशरम उपटून, तळ नांगरून, मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम हाती घेतले. मरळीसारख्या स्थानिक माशांना त्यामुळे आसरा मिळाला. या कामात स्त्रियांचे गट पुढे आले ही बाब लक्षणीय आहे, कारण मासे विकणे बाईचे आणि संस्थेचे सभासदत्व पुरुषाचे, अशी वाटणी त्याआधी होती. जुने ज्ञान हेच येथे भांडवल ठरले. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, हे वयस्कर ढिवरांना तोंडपाठ होते.

नोरग्येलिंग तिबेटी वसाहत

प्रतापगड-गोठणगाव येथे १९७२ पासून नोरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. महाराष्ट्रातील ती अशी एकमेव वसाहत होय. शेती, सहकारी संस्था आणि हस्तकला यांवर आधारलेले जीवन ही तिची मूळ कल्पना. कालांतराने कुटुंबांचे मुख्य उत्पन्न हिवाळ्यातील लोकरी कपड्यांच्या विक्रीतून येऊ लागले. लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून माल, पुष्कळदा उधारीवर, उचलायचा, ऑक्टोबरपासून नागपूर व इतर शहरांत दुकाने मांडायची आणि जानेवारीत हिशेब पुरा करून परतायचे, असा हा क्रम. नागपूरकरांना ‘तिबेटी स्वेटर’ ठाऊक असतात. ते विकणारी माणसे गोंदिया जिल्ह्यातील एका खेड्यातून येतात, हे फार थोड्यांना माहीत असते.

तरुण पिढीतील अनेक जण युरोप व अमेरिकेकडे जात असल्याने भारतातील इतर तिबेटी वसाहतींप्रमाणे येथेही वृद्धांचे प्रमाण वाढते आहे. ऑनलाइन खरेदीने स्वेटरच्या हंगामावर परिणाम केला आहे. एकाच पंचक्रोशीत एक समाज जमिनीवरील हक्काच्या आधारे संघटन बांधतो आणि दुसरा जमीन आपली नसताना नातेसंबंध व उधारीच्या विश्वासावर बांधतो, ही तुलना समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावी अशी आहे.

स्थलांतर, यंत्रे आणि ॲपवरील हजेरी

धानाच्या कापणीत हार्वेस्टर आल्यापासून दिवाळीनंतरची मजुरी आटली. रोवणी अद्याप बहुतांशी स्त्रियांच्या हातांनी, पुष्कळ ठिकाणी गुत्त्याने होते. रिकाम्या महिन्यांत पूर्व विदर्भातील मजुरांच्या टोळ्या मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. मार्च २०२० मधील टाळेबंदीत यांपैकी अनेक जण तेथेच अडकले व कित्येक पायी परतले. वडसा येथील झाडीपट्टी रंगभूमीच्या मंडळ्या हाही येथील हंगामी रोजगाराचाच एक प्रकार: दिवाळी ते होळी नाटके, नंतर नट-वादक आपापल्या शेतावर.

रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राचीच. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने तिचे अनुकरण केले. या योजनेच्या कामांवर २०२३ च्या आरंभापासून मोबाइल ॲपद्वारे दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी घेणे बंधनकारक करण्यात आले. खोट्या हजेऱ्या रोखणे हा हेतू योग्य होता. वनालगतच्या गावांत मात्र दूरध्वनीचे जाळे न मिळाल्यास केलेल्या कामाची हजेरी लागत नाही आणि मजुरी अडते. यंत्राने माणसाच्या कामावर देखरेख करण्याचा जो प्रश्न शहरातील वाहनचालक व घरपोच सेवा देणारे तरुण मांडतात, तो खोदकाम करणाऱ्या बाईपर्यंत येऊन पोहोचला आहे.

कायद्यातील स्थान

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतात २०२०-२१ मध्ये गिग कामगारांची संख्या ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटी होईल, असा अंदाज आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये गिग व मंच-कामगारांची व्याख्या प्रथमच करण्यात आली. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. १९६६ चा विडी कामगार कायदाही या संहितांमध्ये विलीन झाला आहे. राजस्थानने २०२३ मध्ये मंच-कामगारांसाठी मंडळ व शुल्क यांची तरतूद करणारा कायदा केला. मालक निश्चित नसलेल्या कामगारांची नोंदणी मंडळाकडे करायची आणि काम घेणाऱ्यांकडून अधिभार वसूल करून त्यांना लाभ द्यायचे, ही कल्पना महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्यात आधीच होती.

तेंदूपाने तोडणाऱ्याची जागा या व्याख्यांत सहज सापडत नाही. ठेकेदारीत तो नगावर मजुरी घेणारा होता. ग्रामसभेच्या पद्धतीत तो स्वतःच सामूहिक मालक आहे, म्हणून त्याचा कोणी मालक नाही. जंगलात अपघात झाला तर वन्यप्राण्याच्या हल्ल्यासाठी वनविभागाची भरपाई मिळते, पण ती कामगार म्हणून नव्हे. झाडावरून पडणे, सर्पदंश, उष्माघात यांसाठी विमा उतरवायचा तर त्याचा हप्ता विक्रीच्या रकमेतून वेगळा काढावा लागतो, आणि तो किती काढायचा हे खुटकटाईच्या आधी होणाऱ्या ग्रामसभेतच ठरवावे लागते.